प्लास्टिक मॉडेलवरचा जुना रंग उतरवताना: आधी रंग ओळखावा, मग द्रावण निवडावे

प्लास्टिकच्या स्केल मॉडेलवरचा रंग उतरवण्याची वेळ गोव्यात बहुधा दोन कारणांनी येते. पहिले कारण हवेचे आहे. जून ते सप्टेंबर या काळात हवेत इतका ओलावा असतो, की फवारलेला लॅकर (थिनरमध्ये विरघळणारा रंग) सुकता सुकता पांढरट पडतो आणि इनॅमल (तेलकट रेझिनचा रंग) दिवसच्या दिवस चिकट राहून त्यावर धूळ बसते. दुसरे कारण हौसेचे आहे. बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात जाऊन आलेल्या माणसाला घरच्या कपाटात ब्रिटिश रंगात उभे असलेले एअरफिक्स कंपनीचे १/७२ प्रमाणातील सी हॅरियर लढाऊ विमानाचे मॉडेल एकाएकी खटकू लागते आणि ते भारतीय नौदलाच्या ‘व्हाइट टायगर्स’ स्क्वाड्रनच्या रूपात पुन्हा रंगवावेसे वाटते. ही विमाने १९८३ साली भारतात आली आणि २०१६ साली दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरच निवृत्त झाली, तेव्हा इथल्या मॉडेलकाराला त्यांची ओढ असणे साहजिक आहे.

अशा वेळी जुन्या रंगावरच नवा रंग चढवण्याचा मोह होतो. ब्रशने जाड फासलेल्या इनॅमलवर प्रायमर, त्यावर मूळ रंग आणि शेवटी वार्निश असे थर दिले, तर १/७२ प्रमाणातील पॅनेल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेघा) बुजून जातात आणि रिव्हेट दिसेनासे होतात. मात्र जुना थर पातळ, गुळगुळीत आणि घट्ट बसलेला असेल, तर त्याला हात लावण्याचे कारण नाही. पाण्यात भिजवलेल्या बारीक सँडपेपरने तो किंचित घासून त्यावर रंगकाम करणे केव्हाही सोपे. रंग उतरवणे हे नाइलाजाचे काम आहे आणि ते तसेच समजून करावे.

प्लास्टिकला काय सोसते

बहुतेक किटचे सुटे भाग पॉलिस्टायरीनचे असतात. या प्लास्टिकचा स्वभाव ध्यानात घेतला की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. ॲसिटोन, टोल्युइन, लॅकर थिनर, नेल पॉलिश रिमूव्हर आणि भिंती-दारांचा रंग काढण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पेंट रिमूव्हर ही सारी द्रव्ये पॉलिस्टायरीन विरघळवतात किंवा मऊ करतात. मॉडेल जोडण्याचा सिमेंटही याच तत्त्वावर चालतो. तो दोन्ही कडा किंचित वितळवून एकजीव करतो. म्हणून ‘थोडेसेच थिनर फडक्याला लावून पुसतो’ हा विचार मनातून काढून टाकावा, कारण त्या थोड्याशा थिनरनेही पृष्ठभाग चिकट होतो आणि बोटाचा ठसा त्यात कायमचा उमटतो. पेट्रोलही याच कारणाने वर्ज्य समजावे, शिवाय त्याच्या आगीचा धोका वेगळाच.

उलट आयसोप्रोपिल अल्कोहोल, साबणाचे पाणी आणि कॉस्टिक सोड्याचे थंड द्रावण पॉलिस्टायरीनला सहसा इजा करत नाहीत. उष्णता मात्र करते. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते, पण पंखाच्या पातळ कडा आणि अँटेना त्याच्या बऱ्याच आधी वाकतात. त्यामुळे द्रावण लवकर काम करावे म्हणून ते गॅसवर गरम करणे, किंवा डबा एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत किंवा पत्र्याच्या छपराखाली उन्हात ठेवणे टाळावे.

किटमधील सगळेच भाग मात्र पॉलिस्टायरीनचे नसतात. रोबोट मॉडेलचे सांधे अनेकदा एबीएस प्लास्टिकचे असतात आणि घट्ट बसवलेल्या, ताणाखाली असलेल्या एबीएसला अल्कोहोल किंवा इनॅमल थिनर लागले, तर त्याला अचानक तडा जातो. असे सांधे भिजवण्यापूर्वी सोडवून ठेवावेत. पॉलियुरेथेन रेझिनचे भाग अल्कोहोलमध्ये फार वेळ राहिले तर मऊ पडतात. व्हिनाइलची चाके काढूनच ठेवावीत, आणि ॲल्युमिनियमच्या तोफनळ्या कॉस्टिकमध्ये कधीही घालू नयेत, कारण त्या अक्षरशः खाल्ल्या जातात.

रंग ओळखण्याची चाचणी

रंग कोणता आहे हे ठाऊक नसताना द्रावण निवडणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे होय. चाचणीला पाच मिनिटे पुरतात. विमानाच्या पोटाखालची किंवा चाकाच्या कप्प्यातली, सहज न दिसणारी जागा निवडावी. कान साफ करण्याची कापसाची काडी आधी साबणाच्या पाण्यात बुडवून तिथे हलकेच फिरवावी. शाळकरी पोस्टर रंग असेल तर तो एवढ्यानेच सुटतो. मग दुसरी काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून त्याच जागी अर्धा मिनिट गोल फिरवावी. काडीला भरपूर रंग लागला आणि खालचे प्लास्टिक डोकावले, तर रंग ॲक्रिलिक आहे. तामिया किंवा वायेहो यांच्या बाटल्यांतील पाण्यात मिसळणारे रंग असेच वागतात.

काडी स्वच्छच राहिली, किंवा तिला नावालाच रंग लागला, तर तिसरी काडी व्हाइट स्पिरिट म्हणजे मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवून पाहावी. काही आठवड्यांपूर्वी लावलेले हंब्रॉलसारखे इनॅमल यात मऊ होते. बरीच वर्षे जुने इनॅमल मात्र यालाही दाद देत नाही, कारण इनॅमल नुसते सुकत नाही. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते आतून घट्ट विणले जाते आणि वर्षे सरतील तसे अधिक कठीण होते. तिन्ही काड्या स्वच्छ राहिल्या आणि मॉडेल जुने असेल, तर ते इनॅमल असण्याचीच शक्यता जास्त. मॉडेल अलीकडचे असून त्यावर मोटारीचा स्प्रे रंग मारलेला असेल, तर मात्र पुढे बराच संयम लागेल हे धरून चालावे.

भिजवण्यापूर्वीची तयारी

मॉडेलचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. सुटे होतील ते भाग सुटे करावेत. इन्स्टंट ग्लूने चिकटवलेले पितळी भाग भिजताना आपोआप गळून पडण्याचा संभव असतो, विशेषतः कॉस्टिकमध्ये. त्यामुळे ते आधीच काढलेले बरे. पॉलिस्टायरीन सिमेंटचे जोड सहसा टिकतात. भेगा बुजवलेली पुटी मात्र सुटण्याची शक्यता असते आणि ती पुन्हा भरावी लागेल हे गृहीत धरावे. डिकल म्हणजे मॉडेलवर चिकटवलेली चिन्हे व आकडे वाचवण्याची आशा ठेवू नये. ते कोमट पाण्याने किंवा चिकटपट्टी दाबून ओढून आधीच काढावेत, म्हणजे त्याखालच्या रंगापर्यंत द्रावण पोचते.

डब्याची निवड अनेकांना किरकोळ वाटते, पण ती किरकोळ नाही. प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि २ म्हणजे जास्त घनतेचे पॉलिइथिलीन. हे दोन्ही अल्कोहोल आणि कॉस्टिक या दोहोंना चालतात. १ आकड्याची पाण्याची बाटली कॉस्टिकसाठी वापरू नये, आणि ६ आकड्याचा डबा तर खुद्द मॉडेलच्याच जातीचा असतो. अल्कोहोलसाठी लोणच्याची काचेची बरणी चालते. ॲल्युमिनियमचे पातेले कॉस्टिकसाठी कदापि घेऊ नये, कारण त्यात हायड्रोजन वायू निर्माण होतो. एकदा या कामाला घेतलेले भांडे स्वयंपाकघरात परत जाता कामा नये.

याशिवाय नायट्राइलचे हातमोजे, बाजूंनी बंद असलेला चष्मा, मऊ केसांचा जुना टूथब्रश, काही लाकडी टूथपिक आणि सुटे भाग हरवू नयेत म्हणून एक चहाची गाळणी एवढे साहित्य पुरेसे आहे. काम घराच्या बल्कांवात म्हणजे दारापुढच्या पडवीत किंवा उघड्या गच्चीवर करावे. मुले, मांजरे आणि देवघरातील समई यांपासून ते दूर असावे.

ॲक्रिलिकसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल

इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या सामानात मिळणारे ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल यासाठी उत्तम. फार्मसीत मिळणारे ७० टक्क्यांचे अल्कोहोलही काम करते, पण सावकाश. हँड सॅनिटायझर वापरू नये. त्यातील ग्लिसरीन आणि जेल पृष्ठभागावर राहतात व पुढचा प्रायमर धरत नाही. अल्कोहोल हवेतील ओलावाही शोषून घेते, त्यामुळे पावसाळ्यात बाटली उघडी राहिली तर ती हळूहळू पातळ होत जाते. झाकण घट्ट लावणे हे आगीच्या दृष्टीनेही गरजेचे आहे, कारण या द्रव्याची वाफ १२ अंश सेल्सियसच्या आसपासच पेटण्याजोगी होते आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जाते. जवळपास चूल, सिगारेट किंवा वेल्डिंग नको.

भाग पूर्ण बुडेल एवढे द्रव घेऊन झाकण लावावे आणि पंधरा मिनिटांनी पाहावे. ॲक्रिलिकचा थर बहुतेक वेळा सुरकुततो, कडांशी उचलला जातो आणि टूथब्रशच्या पहिल्याच फटक्याला पापुद्र्यांत निघू लागतो. सी हॅरियरच्या बाबतीत पंखाचा सपाट भाग क्षणात उघडा पडतो, पण इंजिनाच्या हवाद्वाराच्या आतल्या कडेला आणि फिरत्या नळकांड्यांच्या मुळाशी करड्या रंगाची रेघ हट्टाने चिकटून राहते. तिथे जोर लावू नये. भाग पुन्हा बुडवून तासभर ठेवावा, मग टूथपिकचे टोक दातांनी चावून त्याचा बारीक कुंचला करावा आणि त्याने ती रेघ कोपऱ्यातून बाहेर ओढावी. धातूची सुई वापरली तर प्लास्टिकवर ओरखडा उठतो आणि तो रंगाखालीही लपत नाही. एका रात्रीपेक्षा जास्त काळ भिजवण्याची वेळ ॲक्रिलिकवर सहसा येत नाही. आली, तर रंग ओळखण्यात काही राहून गेले असावे.

आता ‘फेणीने रंग उतरेल का?’ हा प्रश्न गोव्यात कोणी ना कोणी विचारतोच, म्हणून त्याचे उत्तर इथेच देतो. काजू फेणीत अल्कोहोल साधारण ४२ ते ४५ टक्के असते, उरलेले बहुतांशी पाणी. ॲक्रिलिक त्यात थोडे मऊ होईलही, पण २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या पेयाचा हा उपयोग नव्हे. हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, तर त्याहून कितीतरी सौम्य.

जुन्या इनॅमलसाठी कॉस्टिक सोडा

जुन्या इनॅमलवरचा सर्वांत खात्रीचा आणि स्वस्त उपाय म्हणजे कॉस्टिक सोडा, अर्थात सोडियम हायड्रॉक्साइड. इनॅमलमधील तेलकट रेझिनचे बंध अल्कली तोडते आणि त्याचा साबण होतो. साबण तयार करण्याची प्रक्रिया याच क्रियेवर चालते. पॉलिस्टायरीनमध्ये तसे बंध नसल्याने त्याला काही होत नाही. त्वचा आणि डोळे मात्र याच क्रियेने जळतात, आणि या लेखातील सर्वांत धोकादायक द्रव्य हेच आहे.

एक लिटर थंड पाणी पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात घ्यावे आणि त्यात ३० ते ४० ग्रॅम कॉस्टिक थोडे थोडे टाकत लाकडी काडीने ढवळावे. क्रम नेहमी हाच ठेवावा: पाण्यात कॉस्टिक. कॉस्टिकवर पाणी ओतले तर ते उकळून अंगावर उडू शकते. द्रावण गरम होईल; ते पुन्हा थंड होईपर्यंत मॉडेल आत सोडू नये. नाली मोकळी करण्याची तयार पावडर कॉस्टिकऐवजी घेऊ नये, कारण काही पावडरींत ॲल्युमिनियमचे कणही असतात आणि त्या पाण्यात पडताच उसळतात. कॉस्टिक लागेल तेवढेच आणावे. पावसाळ्यात उघडलेल्या पिशवीतील पापड्या हवेतील पाणी शोषून एकमेकींना चिकटतात, पाझरतात आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे हळूहळू निकामी होतात.

भाग द्रावणात बुडवून डबा झाकावा व त्यावर ठळक अक्षरांत ‘कॉस्टिक’ असे लिहावे. दुसऱ्या दिवशी हातमोजे आणि चष्मा घालून एक भाग चिमट्याने बाहेर काढावा. रंग तयार झाला असेल तर तो बुळबुळीत लागतो, द्रावण गढूळ झालेले असते आणि वाहत्या पाण्याखाली ब्रश फिरवताच रंग गुंडाळत निघतो. ब्रशचे शिंतोडे उडतात, म्हणून तोंडापासून हात लांब धरावा व ब्रश स्वतःकडून पलीकडे फिरवावा. काही भागांना तीन-चार दिवस लागतात. रोज पाहावे, ब्रश फिरवावा आणि पुन्हा बुडवावे. द्रावणाची तीव्रता वाढवून वेळ वाचवण्यापेक्षा एक दिवस जास्त थांबणे मला केव्हाही पसंत आहे.

त्वचेवर थेंब पडला तर ती जागा लगेच वाहत्या पाण्याखाली धरावी आणि किमान पंधरा ते वीस मिनिटे धुवावी. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नये. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ पाणी मारावे आणि विनाविलंब इस्पितळ गाठावे.

ब्रेक ऑइल, डेटॉल आणि इतर तोडगे

स्कूटरच्या दुकानात मिळणारे डॉट ३ ब्रेक ऑइल रंग उतरवते हे खरे आहे, कारण त्यातील ग्लायकोल ईथर बहुतेक रंग मऊ करतात. तरीही मी त्याची शिफारस करत नाही. ते त्वचेतून शरीरात जाते, काही प्लास्टिक ठिसूळ करते आणि वापरून झाल्यावर त्याचे काय करावे हा प्रश्न उरतोच. डॉट ५ हे सिलिकॉनचे असल्याने त्याने रंग मुळीच उतरत नाही.

डेटॉल ॲक्रिलिकवर चांगले चालते. फक्त भाग बाहेर काढल्यावर थेट पाण्याखाली धरू नये; पाणी लागताच मऊ झालेला रंग डिंकासारखा चिकटतो. आधी पाणी न मिसळलेल्या डेटॉलमध्येच ब्रश करून रंग काढावा, मग साबणाने धुवावे. वास काही दिवस राहतो. मांजर आणि मासे यांना ते विषारी आहे, हेही लक्षात असू द्यावे.

लॅकर हा सर्वांत अवघड प्रकार. ज्या थिनरमध्ये तो विरघळतो, त्यात मॉडेलही विरघळते. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एक-दोन दिवस भिजवून तो सुटतो का पाहावे, रोज प्लास्टिक तपासावे, आणि सुटला नाही तर पाण्यासह बारीक सँडपेपरने पातळ करून तिथेच थांबावे.

चकाकणारे आणि पारदर्शक भाग

मोटारींच्या किटमधील चकचकीत बंपर व जाळ्या यांवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट त्यावर ओतले की तो थर थोड्या वेळात नाहीसा होतो. त्याखाली राहिलेले पिवळसर वार्निश नंतर अल्कोहोलने काढता येते. ब्लीचच्या डब्यात दुसरे काहीही मिसळू नये. आम्लयुक्त टॉयलेट क्लीनरशी त्याचा संयोग झाला तर क्लोरिन वायू सुटतो, आणि अमोनियाशी झाला तर तितकेच घातक क्लोरामाइन तयार होतात.

कॉकपिटची कॅनपी म्हणजे वरचे पारदर्शक झाकण अल्कोहोलमध्ये भिजत घालू नये, कारण पारदर्शक पॉलिस्टायरीन ठिसूळ असते आणि त्यावर बारीक भेगांचे जाळे पडू शकते. चौकटीवरचा रंग काडीने एकेक पट्टी घेत पुसावा आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुवावे. अंधुकपणा आलाच, तर प्लास्टिक पॉलिशने किंवा साध्या पांढऱ्या टूथपेस्टने मऊ फडक्यावर तो घासून काढता येतो.

धुणे, वाळवणे आणि टाकाऊ द्रव

रंग निघाल्यावर सर्व भाग भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवावेत आणि गाळणीत निथळू द्यावेत. लाल व पिवळ्या रंगांची छटा प्लास्टिकमध्ये मुरलेली दिसली तर चिंता नको; ती प्रायमरखाली जाते. उरलेला रंग कोरडा घासू नये, कारण जुन्या इनॅमलमध्ये शिशाची संयुगे असू शकतात आणि त्यांची धूळ श्वासात जाणे चांगले नाही. पोकळ पंखांत पाणी शिरलेले असते. पावसाळ्यात ते आठवडाभरही आत राहते आणि चवथीच्या सुट्टीत रंगकाम काढले की नेमके तेव्हाच जोडातून थेंब बाहेर येतो. भाग उलटसुलट करून पंख्याखाली ठेवावेत, नंतर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावेत. जोड निखळलेले दिसले तर प्रायमरच्या आधीच सिमेंट लावावा.

वापरलेल्या द्रवाची विल्हेवाट ही गोव्यात विशेष काळजीची गोष्ट आहे. इथल्या पुष्कळ घरांना सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असतो, अंगणात विहीर असते आणि खाली जांभा दगड असतो, ज्याच्या छिद्रांतून पाणी झपाट्याने खाली उतरते. अंगणात किंवा गटारात ओतलेले द्रावण कुठे जाईल हे सांगायला नको. अल्कोहोल बाटलीत दोन-तीन दिवस स्थिर ठेवावे. रंग तळाशी बसतो. वरचे द्रव दाट सुती कापडातून गाळून पुढच्या मॉडेलच्या पहिल्या बुडवणीसाठी जपून ठेवावे.

कॉस्टिकचे द्रावण आधी गाळावे, मग हातमोजे-चष्मा घालूनच त्यात हळूहळू व्हिनेगर ओतून पीएच पट्टी (आम्ल-अल्कली मोजणारा कागद) ७ ते ८ दाखवेपर्यंत ते शमवावे. एक लिटर द्रावणाला लिटरभर किंवा त्याहून थोडे जास्त व्हिनेगर लागते. त्यासाठी दुकानातले साधे कृत्रिम व्हिनेगर घ्यावे, माडाच्या सुरेचे व्हिनेगर सोरपोतेल या गोमंतकीय मांसाहारी पदार्थासाठीच राहू द्यावे. शमवलेले द्रावण भरपूर पाण्यासह, थोडे थोडे करून, शौचालयात सोडावे. दोन्ही द्रवांतून उरलेला रंगाचा गाळ सावलीत वाळवून झाकणाच्या डब्यात भरावा, वर ‘रंगाचा गाळ’ अशी चिठ्ठी लावावी आणि पंचायतीच्या किंवा पालिकेच्या कचरा गोळा करणाऱ्यांकडे तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता घातक घरगुती कचरा म्हणून वेगळा द्यावा.